दिव्यावरचा कागद

मनीषनगर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

जितू,

आशीर्वाद तर आहेतच, ते भांडणानं कमी होत नाहीत. पहिल्याच ओळीत देऊन मोकळा झालो. आता मुद्द्याचं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचत नाहीस. तुझी आई अन् सूनबाई हर्षा रोज तासभर बोलतात, सांबारवडीत खसखस किती टाकायची इथपासून तुझ्या पोरीच्या दातापर्यंत, आणि मी बाजूच्या खुर्चीत पेपर धरून बसतो. हर्षा विचारते, "बाबा कसे आहेत?" तुझी आई सांगते, "आहेत, कुरकुर करून राहिले." एवढीच माझी खबरबात बंगळूरले पोचते. म्हणून कागदावर लिहून राहिलो. पाकीट ब्लॉक करता येत नाही.

पावणेदोन वर्षं झाली. तुझ्या बहिणीच्या, मिनलच्या, वास्तुशांतीले, प्रताप नगरात, पाहुण्यांसमोर मी बोललो ते मले मान्य आहे. तू कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर पिवळ्या ओळींमागून ओळी चढत होत्या आणि तू आरामात मठ्ठा पिऊन राहिला होता. मी विचारलं, हे काय? तू म्हणाला, "वॉर्निंग आहेत बाबा, एरर नाही. चालते." चालते! ज्या माणसानं एकतीस वर्षं कारखान्याच्या पॉवर हाऊसची कंट्रोल रूम सांभाळली, त्याले तू सांगतो चालते? माझं डोकं फिरलं. आपल्याच पोराच्या तोंडावर, त्याच्या सासऱ्यादेखत, मी म्हणालो की याचा पगार फुकटचा आहे. तेव्हा तू म्हणाला, "तुम्ही तरी काय केलं बाबा? भोंगा वाजला की बंद करायचं बटन दाबलं. एकतीस वर्षं तेच."

ते वाक्य अजून गळ्यातून खाली उतरलं नाही, जितू.

आमच्या कंट्रोल रूमची भिंत तू लहानपणी पाहिली आहेस. दोनशे चौकोनी खिडक्या, प्रत्येकीमागे एक दिवा. कुठे तेल कमी झालं, कुठे ताप वाढला, की खिडकी लाल होते आणि भोंगा वाजते. बटन दाबलं की भोंगा गप होते, दिवा नाही. दिवा तेव्हाच विझते, जेव्हा कोणीतरी खाली जाऊन खरी खराबी काढते. एकदा एका दिव्यावर कोणीतरी कागद चिकटवला होता, कारण तो उगाचच पेटून राहतो असं सगळ्यांचं मत होतं. सहा महिन्यांनी तो खऱ्यानं पेटला. कागदाखाली कोणाले दिसणार? टर्बाइनचं बेअरिंग जळालं, कारखाना अकरा दिवस बंद. ही गोष्ट तुम्ही दोघा बहीणभावानं जेवताना शंभर वेळा ऐकली आहे, आणि शंभर वेळा मी शेवटी म्हटलं आहे, दिव्यावर कागद लावायचा नाही.

तर आता माझी बातमी. तुझी कॉलेजची पुस्तकं माळ्यावर होती. मी ती खाली काढली. तुझ्या पेन्सिलच्या खुणांसकट सी भाषा शिकलो. चौदा महिने लागले. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, त्याचा गाभा, म्हणजे साऱ्या जगानं मिळून लिहिलेला कर्नलचा कोड, उतरवला आणि सगळ्या वॉर्निंग चालू करून बनवाले लावला. बाप्पा! आमची भिंत त्यापुढे काहीच नाही.

मी ठरवलं आहे. एक तरी वॉर्निंग माझ्या नावानं निघाली पाहिजे, साऱ्या जगाच्या कोडातून. मग तू मले सांग, भोंगा बंद करणारा कोण ते.

तुझा बाप

* * *

२ मार्च २०२५

जितू,

उत्तर नाही आलं. पण हर्षानं तुझ्या आईले सांगितलं की पाकीट तू फोडलं. म्हणजे वाचलं असशील. पुढचं ऐक.

मले माझी वॉर्निंग सापडली. छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावरचा पंखा चालवणारा एक कोड आहे, ड्रायव्हर म्हणतात त्याले. त्यात एका इनमचं नाव दुसऱ्या इनमच्या जागी दिलेलं आहे. कोड यंत्राच्या भाषेत करणारा कंपायलर ओरडून सांगते, हे जुळत नाही. तुझी आई मटार सोलत होती, तिले समजावून सांगितलं.

"इनम म्हणजे?" ती म्हणे.

"नावांची यादी वं. प्रत्येक नावामागे एक नंबर. समज, दवाखान्यात तुले तीन नंबरचं टोकन मिळालं. ते घेऊन तू बँकेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्यांनी तीन नंबर पुकारला की तू पुढे जाशील का नाही?"

"जाईन ना. माह्याजवळ तीन आहे."

"तसंच. यंत्राले फक्त नंबर दिसते. कंपायलर तेवढा म्हणते, बाई, हे टोकन आमच्याकडचं नाही."

"मग बरोबरच म्हणते ना गा तो," तुझी आई म्हणाली.

ती ओळ कोणी लिहिली ते पाहाची एक कमांड आहे. तिचं नावच 'ब्लेम' आहे, काय लोक आहेत! मी चालवली. नाव आलं. कोणाचं ते लिहीत नाही. नऊ वर्षांपूर्वीची ओळ आहे. नवी नोकरी असेल, घाई असेल. चांगला माणूस असावा.

मी त्या जागी कास्ट टाकला. म्हणजे कंपायलरले लिहून दिलं की चूप, मले माहीत आहे. वॉर्निंग गायब! पडदा एकदम साफ. हा बदल, म्हणजे पॅच, कर्नलवाल्यांले मेलनं पाठवला तर तासाभरात परत, कारण मेल रंगीत अक्षरांत गेला होता आणि त्यांले साधाच लागते. दुसऱ्यांदा परत, ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली म्हणून. रिकामी जागा! आमचा शिफ्ट इंजिनियर चंपतराव इतका खडूस होता, पण त्यानंही लॉगबुकातली रिकामी जागा कधी पकडली नाही. तिसऱ्यांदा गेला. आता त्यांच्या मेलच्या यादीवर आहे, जगात कोणीही वाचू शकते. खाली नाव: महादेवराव काळबांडे, नागपूर.

तुझ्या आईनं विचारलं, "पण तो बरोबर बोलून राहिला होता, तर त्याले चूप काहून केलं?"

मी म्हटलं, तुले नाही समजणार.

तुझा बाप

* * *

८ मार्च २०२५

जितू,

तुझं उत्तर मिळालं. पावणेदोन वर्षांनी, इंग्रजीत, आणि हजार परक्या लोकांसमोर. मी अकरा वेळा वाचलं. मराठीत करून इथे उतरवतो, म्हणजे मी काही वेगळं समजलो असं तू म्हणू नये.

"पॅचबद्दल आभार. ही ओळ माझी आहे. कास्टनं वॉर्निंग गप बसेल, चूक असेल तर तशीच राहील. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पडताळा आणि खऱ्या बोर्डावर चालवून पाहा. चूक निघाली तर माझ्या मूळ बदलाचा उल्लेख 'फिक्सेस' ओळीत करा. दिव्यावर कागद लावू नका. जितेंद्र काळबांडे."

आधी मी संतापलो. लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की तुझी आई आतून धावत आली. बापाले शिकवते! मीच शिकवलेलं वाक्य माझ्याच तोंडावर! अंगणात चपला न घालता दोन फेऱ्या मारल्या, पाय भाजले, तरी राग गेला नाही.

मग जेवताना गेला. कारण तू खरं लिहिलं होतं. मीच कागद लावला होता, जितू. मी, महादेवराव, ज्यानं तुम्हा पोरांचं डोकं खाल्लं त्या एका वाक्यानं.

आता काहून लावला ते सांगतो. माझ्यानं लपवणं होत नाही. 'ब्लेम' केलं आणि पडद्यावर तुझं नाव आलं. तिथे रीत आहे ना, चूक दुरुस्त केली की ती कोणत्या बदलानं आली ते 'फिक्सेस' म्हणून खाली लिहायचं. आणि एकदा लिहिलं की कोणाले पुसता येत नाही. मले वाटलं, मिनलच्या वास्तूले एकदा तुले लोकांसमोर खाली पाहायले लावलं, आता साऱ्या जगासमोर पुन्हा? नाही. म्हणून याद्या पडताळल्याच नाहीत. गुपचूप कास्ट टाकला, म्हणजे वॉर्निंगही जाईल आणि तुझं नावही वाचेल. पॅचची प्रत तुले जाणार हे मले माहीत होतं. वाटलं, तुले बरं वाटेल, बापानं सांभाळून घेतलं म्हणून.

आणि तू तर स्वतःच म्हणून राहिला, माझं नाव लिहा!

तुझ्या मेलखाली, पॅच घ्यायचा का नाही ते ठरवणाऱ्या मोठ्या मेंटेनरनं विचारलं आहे, "कोणता दिवा?" बिचारा. कोणीच उत्तर दिलं नाही. तूही नाही, मीही नाही.

तुझा बाप

* * *

१५ मार्च २०२५

जितू,

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूले हातानं लिहून काढल्या. पहिलीत तीन नावं: बंद, हळू, जोरात. दुसरीत चार: बंद, हळू, आपोआप, जोरात. शून्यावर दोन्हीकडे बंद, एकावर दोन्हीकडे हळू. म्हणून नऊ वर्षं कोणाले पत्ता लागला नाही. दोनवर मात्र इकडे जोरात आणि तिकडे आपोआप!

पण कागदावरचं मी मानत नाही. तुझा पहिल्या नोकरीतला बोर्ड आठवतो? चॉकलेटच्या डब्यात, तुझ्या आईच्या साड्यांखाली ठेवून गेला होता. तो काढला. त्यावर तोच पंखा आहे. जोडणी करायले शालिकरामले बोलावलं, आमच्या कंट्रोल रूममधला, हात अजून स्थिर आहेत त्याचे. मी कमांड दिली, हळू. पंखा हळू फिरला. बंद. थांबला. मग दिली, जोरात.

काही नाही. पंखा मुर्द्यासारखा. खोलीत कूलर लागला होता, बोर्ड थंड होता, 'आपोआप'ले फिरायची गरजच नव्हती. जितू, वॉर्निंग खरी होती! कंपायलर नऊ वर्षांपासून खरं ओरडून राहिला होता. कोणाचा बोर्ड भर उन्हाळ्यात तापला, त्यानं घाबरून जोरात म्हटलं, तर पंखा आपल्या मर्जीनं फिरणार.

मग मी कास्ट काढला. एक छोटं फंक्शन लिहिलं, जे पहिल्या यादीतलं नाव घेते आणि दुसऱ्या यादीतलं तेच नाव देते. नंबराच्या भरवशावर काही नाही. बनवाले लावलं. वॉर्निंग नाही. कमांड दिली, जोरात.

काय गरजला तो पंखा! कॅलेंडर उडालं, शालिकरामची टोपी उडाली. तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगंबाई, काय फुटलं?" मी खुर्चीवरून उठून नाचलो. खरंच नाचलो, अडुसष्टाव्या वर्षी, विचार तिले. शालिकराम टाळ्या वाजवून राहिला होता.

तो घरी जाताना फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "महादेवराव, पोट्ट्यानं तुम्हाले बरोबर धरलं. पण त्याले पुरी गोष्ट माहीत नाही ना?"

तर पुरी गोष्ट सांगतो. आजवर तुझ्या आईलेही सांगितली नाही. त्या दिव्यावर कागद 'कोणीतरी' नव्हता लावला. मी लावला होता. माझ्या हातानं, लॉगबुकाचं पान फाडून, डिंक लावून. महिनाभर तो दिवा उगाच पेटत होता, दर दहा मिनिटांनी भोंगा, डोकं उठलं होतं. चंपतरावले दोनदा सांगितलं, त्यानं हसण्यावारी नेलं. म्हणून भोंग्याची तार सोडवली आणि दिवा झाकला. बेअरिंग जळालं त्या दुपारी पाळी माझीच होती. चौकशी बसली, कोणाचंच नाव निघालं नाही. शालिकरामले माहीत होतं, त्यानं तोंड उघडलं नाही. माझी नोकरी राहिली आणि तुझं शिक्षण झालं.

म्हणून तुझ्या पिवळ्या ओळी पाहून माझं डोकं फिरलं, जितू. मले तुझी चूक दिसत नव्हती, माझीच दिसत होती. आणि ती तुझ्यावर काढली. बापाच्या तोंडून हे शब्द तू कधी ऐकले नाहीत, म्हणून लिहून देतो: माझं चुकलं. मले माफ कर.

दुसरा पॅच आज पाठवला. त्यात फिक्सेसची ओळ आहे. तुझं नाव मी स्वतःच्या बोटांनी टाकलं. 

तुझा बाप

* * *

३० मार्च २०२५, पाडवा

जितू,

तू काल फोन केलास, तरी लिहून राहिलो. फोनवरचं उडून जाते, आणि ही गोष्ट मले कागदावर पाहिजे.

पॅच घेतला! मोठ्या मेंटेनरनं एकच शब्द लिहिला, 'अप्लाइड'. तो शब्द मी शालिकरामले दाखवला, मिनलले फोनवर वाचून दाखवला, दूधवाल्याले सांगितला. दूधवाला म्हणाला, "म्हणजे नोकरी लागली का बाबूजी?" मी म्हटलं, त्याहून मोठं. तुझ्या आईनं गुढीच्या पाटावर लॅपटॉप ठेवून त्याले हळदकुंकू लावलं. एक बटन चिकट झालं आहे. राहू दे.

पण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं ते तुझं उत्तर. त्या मेंटेनरनं पुन्हा विचारलं होतं, बाबांनो, तो दिवा कोणता ते सांगा. आणि तू लिहिलंस, "एका कंट्रोल रूममधला. त्यावर एकदा कागद लागला होता. ज्यांनी लावला, त्यांनीच पुढे आयुष्यभर तो काढत राहणं शिकवलं. ते माझे वडील आहेत, आणि हा पॅच त्यांचा आहे."

हे वाचून मी किती वेळ काय केलं ते तुझ्या आईले विचारू नकोस. ती सगळ्यांले सांगत सुटली आहेच.

आता कर्नलच्या इतिहासात आपलं असं लिहिलं आहे. फिक्सेस, तुझी नऊ वर्षांपूर्वीची ओळ. मग साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे सही करणारा, महादेवराव काळबांडे. त्याखाली रिव्ह्यूड-बाय, म्हणजे तपासणारा, जितेंद्र काळबांडे. एकाखाली एक. दोघंही खाली पाहायले लागलो नाही. उलट माझी मान इतकी ताठ झाली की तुझी आई म्हणते, मफलर बांधा, आखडली असेल.

आणि कालचा फोन. स्क्रीनवर तुझं नाव पाहून माझ्या हातून चष्मा पडला. मी 'हॅलो'ही म्हणालो नाही, तर तू म्हणाला, "बाबा, पंखा लावा. जोरातवर. ऐकू द्या." मी फोन बोर्डाजवळ धरला. पंखा गरजून राहिला. मग तू म्हणाला, "ती वॉर्निंग मी तेव्हाच पाहिली होती बाबा. म्हटलं, चालते." मी म्हटलं, "मीही तेच म्हटलं होतं गा." आणि दोघंही हसाले लागलो. इतके हसलो की तुझ्या आईनं फोन हिसकला आणि सरळ विचारलं, "येतो का नाही ते सांग."

तू येतो म्हणाला. मे महिन्यात, हर्षाले अन् पोरीले घेऊन, नागपूरच्या भर उन्हात. आम्ही कूलरची जाळी आत्तापासूनच बदलून ठेवली आहे. पोरीसाठी तुझी आई वड्यांत मिरची कमी टाकणार आहे, हे तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

येताना लॅपटॉप घेऊन ये. त्या फायलीत अजून चार वॉर्निंग आहेत. मी हात लावला नाही, तुझ्यासाठी ठेवल्या आहेत. माझ्या खुर्चीशेजारी तुझी खुर्ची लावतो. भोंगा मी बंद करीन, त्यात माझा एकतीस वर्षांचा हात बसला आहे. दिवा तू विझव.

तुझा बाप,
महादेवराव